नाखव्याची बिजागरी

आमचे कुंभकोणमचे घरमालक समुद्राविषयी बोलायला लागले की अर्धा तास तरी थांबत नसत. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून फिरला म्हणजे शीड किती उतरवायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. नागपट्टणमचा किनारा बसने दोन-अडीच तासांवर, पण उभ्या जन्मात ते तिकडे फिरकले नव्हते. मी एकदा न राहवून तसं म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "पाहून काय होतें बाई? कोळीही रोज पाहतात." आणि पुन्हा भरतीवर आले.

सगळं गाव त्यांना रावजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. तोंडानेच.

माझ्या नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही सांगलीहून तिथे गेलो ते शहाऐंशी साली. मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. मराठी बोलणाऱ्या घरमालकाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. माझी चार वाक्यं ऐकून रावजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "तुमची मराठी फार बिघडली आहे. तिकडे राहून असें होतें." तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकुनी करायला आले, तेव्हा येताना खरी मराठी बरोबर घेऊन आले. मागे महाराष्ट्रात उरली ती आम्ही लोकांनी नासवली. हा त्यांचा सिद्धान्त. बाहेर पडलं की ते तमिळ बोलत, घरात मात्र "आलों, गेलों, केलें" असं नाकातून. दोन वर्षांनी आमची बदली झाली, तेव्हा सामान टेम्पोत चढत असताना त्यांनी माझ्या हातात एक वही दिली. मला वाटलं आशीर्वाद वगैरे असेल. माझ्या बोलण्यातल्या चुका होत्या, तारखांसकट.

बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, कचेरीच्या दप्तरखान्यातली नोकरी संपलेली. एकटा माणूस, आणि दिवसभर करायला काही नाही. अशा माणसाने देवळात जावं, पेपर वाचावा. हे ओसरीच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती पुरवायचे. "मला ठाऊक नाही" हे शब्द त्या खऱ्या मराठीत नव्हतेच बहुधा. एकदा सोलापूरकडचं एक यात्रेकरू कुटुंब पट्टीश्वरमची बस विचारत आलं. रावजींनी त्यांना पापनाशमच्या बसमध्ये बसवून दिलं, वर हात हलवून निरोपही दिला. संध्याकाळी ती माणसं उन्हाने लाल होऊन परत आली तेव्हा हे म्हणाले, "आधीं पापनाशमच जायचें असतें. पाप नाश झाल्यावर मग पट्टीश्वरम." त्या बिचाऱ्यांनी त्यांना नमस्कार केला. मला ते बघून इतका संताप आला की मी आत निघून गेले.

आणि तुटक्या वस्तू. घरात तुटलेली वस्तू असली की ह्यांना झोप लागत नसे. कान गेलेला कप, दाते पडलेली फणी, काहीही. देवाच्या भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन करतात हे मला कळतं. ह्यांनी तो नियम कपबशीपर्यंत आणला होता. दर शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, वस्तू पिवळ्या कापडात बांधून ते कावेरीच्या घाटावर जात आणि हळदकुंकू वाहून पाण्यात सोडत. स्वतःच्या घरापुरतं केलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. माझ्या आईचा पितळी मिसळणाचा डबा होता, लग्नात दिलेला. त्याची कडी तुटली होती. मी बाजारात गेले असताना रावजी आमच्या स्वयंपाकघरात शिरले, मोहरी-हळद वर्तमानपत्रावर नीट वेगवेगळी ओतून ठेवली आणि डबा नदीला देऊन आले. मी रडले, भांडले. ते म्हणाले, "तुटलेलें घरांत ठेवूं नये. तुमच्याच भल्यासाठीं." कडी बसवायला तांबटआळी तिथून शंभर पावलांवर होती. त्या दिवसापासून ह्या माणसाची एकदा चारचौघांत फजिती व्हावी, एवढी एकच इच्छा माझ्या मनात होती. ती मी अगदी जपून ठेवली होती.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये ते फ्रेंच जोडपं आलं. दोघंही चाळिशी ओलांडलेली, उन्हाने करपलेली. तिचे केस तिने स्वतःच कात्रीने कापलेले असावेत, कारण दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. तो सहा फुटांच्या वर, दारातून येताना दर वेळी डोकं आपटायचा आणि दर वेळी चौकटीची माफी मागायचा. आपल्या गावातलं घर विकून त्यांनी एक शिडाची होडी घेतली होती आणि सात वर्षं ती दोघं त्या होडीतच राहत होती. सिंहलद्वीपाहून निघाल्यावर वाटेत सुकाणूची बिजागरी मोडली. सुकाणू ज्या काशाच्या बिजागरीवर फिरतं, तीच. कोळ्यांनी होडी ओढून नागपट्टणमला आणली आणि खाडीच्या तोंडाशी दोन नांगरांवर उभी केली. तिथे कोणीतरी सांगितलं की असलं ओतकाम करायचं तर कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैचे मूर्तिकार. म्हणून ती दोघं कुंभकोणमला आली आणि आमच्या माडीवरची खोली त्यांनी घेतली.

आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो, आणि तो समुद्रावरून वादळं घेऊन येतो. त्याच्या आत नवी बिजागरी बसवून त्यांना बंदर सोडायचं होतं. सुकाणूवाचून होडी हलत नाही, आणि त्या उघड्या जागी वादळात ती टिकणार नाही, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. कोरड्या चपातीचा तुकडा मोडत ती म्हणाली होती, "आमचं दुसरं घर नाही."

रावजींच्या अंगात जणू वारं भरलं. तीनशे वर्षांत पहिल्यांदा दर्यावर्दी माणसं त्यांच्या दारी आली होती. त्यांनी त्यांना नाखवा आणि नाखवीणबाई अशी नावं दिली. कुंभकोणम हे बेटच आहे, उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, तेव्हा तुम्ही योग्य ठिकाणी मुक्कामाला आलात, असं त्यांनी पहिल्याच कापीला, म्हणजे कॉफीला, सांगितलं. नाखव्याने नम्रपणे नकाशा काढून पाहिला आणि घडी घालून परत ठेवला. रावजींचं इंग्रजी कचेरीतल्या अर्जांचं, त्यामुळे त्यांचं मराठी बोलणं मी इंग्रजीत सांगायचं असं ठरलं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. दहा मिनिटांच्या भाषणाचं मी एका वाक्यात इंग्रजी करायची. "वारा बदलतो असं म्हणतात." पाहुणे मान डोलवायचे आणि रावजींना वाटायचं, इंग्रजी ही फार आटोपशीर भाषा आहे.

नाखवीण गच्चीवर शीड पसरून हाताने शिवत बसायची. समोरच्या बायकांना वाटलं, आमच्याकडे लग्नाचा मांडव पडतोय. रावजी शेजारी उभे राहून तिला टाका कसा घालावा ते सांगायचे. तिने एकदा सुई आणि दोरा त्यांच्या हातात दिला. त्यांना सुईत दोरा ओवता येईना. "आमच्याकडे दोरा वेगळा असतो" म्हणून ते खाली आले.

स्वामीमलैला आम्ही चौघं गेलो. मूर्तिकार म्हातारा, मितभाषी, कानावर ओळंब्याचा दोरा अडकवलेला. त्याने बिजागरी हातात घेऊन फिरवून पाहिली. ते लोक आधी मेणाची प्रतिमा करतात, तिला कावेरीच्या गाळाचे थर देतात, ते सावलीत वाळवतात, मग तापवून मेण काढतात आणि पोकळीत धातू ओततात. मूर्ती असो की बिजागरी, रीत तीच. त्याने ओळंबा लोंबता धरून बिजागरीचा खिळा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि रावजींना तमिळमध्ये काहीतरी विचारलं. रावजी क्षणभर थांबले. मग ठासून चार शब्द बोलले. म्हातारा मान हलवून कामाला लागला.

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हटलं.

"कांहीं नाहीं. कामाचें होतें."

"ह्यांना सांगायला नको?"

"त्यांस काय सांगायचें? मजला ठाऊक होतें, सांगितलें."

ह्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे संध्याकाळ घालवायची, आणि मला घरी जाऊन डाळ शिजवायची होती.

महिन्याने नवी बिजागरी आली. इतकी देखणी की देवघरात ठेवावीशी वाटेल. नाखव्याने तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं, नाखवीणबाई तर मूर्तिकाराच्या पाया पडायला निघाली. गुरुवारी दोघं ती घेऊन नागपट्टणमला गेली. निम्मं सामान आणि जुनी मोडकी बिजागरी माडीवरच राहिली. जाताना ती मला म्हणाली, "नवी नीट बसेपर्यंत जुनी सांभाळा. तिच्याशिवाय आमच्याकडे माप नाही." मी रावजींना शब्दशः सांगितलं. "ठेवतों की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी मागच्या अंगणात नळावर तांदूळ धूत होते. रावजी ओल्या धोतराने, हातात पिवळं कापड घेऊन बाहेर पडले. बांधलेलं बोचकं जड होतं, त्याने त्यांचा खांदा कलला होता. माझ्यासमोर येऊन ते थांबले आणि त्यांनी कापडाचं टोक उचलून मला दाखवलं. जुनी बिजागरी. हळद लावलेली.

"नवी आली. आतां ही घरांत नको," ते म्हणाले. "शुक्रवारही आहे."

आता मी जे केलं ते सांगते. मी काहीच केलं नाही. नाखविणीचे शब्द मला आठवत होते, नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर माझ्या आईचा डबा आला. म्हटलं, जाऊ दे. ह्या वेळी वस्तू गरीब भाडेकरणीची नाही, परदेशी पाहुण्यांची आहे. ती परत मागतील तेव्हा हा काय सांगतो ते बघू. मी तांदळाचं पाणी ओतलं आणि दुसरं भरलं. ते निघून गेले.

मंगळवारी नाखवा एकटाच परत आला. नवी बिजागरी पोत्यात गुंडाळलेली. त्याने ओसरीवर बसून दोन्ही तळहात एकमेकांशी तिरके धरून दाखवलं. होडीची मागची बाजू उतरती असते, म्हणून खिळा मुळातच कललेला असतो. नवीचा खिळा सरळ होता, अगदी ओळंब्यात. सुकाणू त्यात फिरतच नव्हतं. मूर्तिकाराने त्या दिवशी काय विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. हा कल मूळचा की तुटताना वाकलं? मूर्तीच्या कारागिराला कललेली रेघ म्हणजे दोष, पण त्या शहाण्याने आधी विचारलं होतं. आणि आमच्या राजदरबारच्या वंशजाने, होडी जन्मात न पाहता, सांगून टाकलं होतं की वाकलंय, सरळ कर.

"हरकत नाही," नाखवा म्हणाला. "जुनी द्या. अजून वेळ आहे."

मी हे रावजींना सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वर्ष मी त्या तोंडाची वाट पाहिली होती. रावजी म्हणाले, "मूर्तिकाराकडे असेल." तो बिचारा उन्हातून स्वामीमलैला जाऊन आला. मग म्हणाले, "माडीचें दार उघडें राहिलें असेल. हल्लीं चोर फार." तेही मी इंग्रजीत सांगितलं. अगदी सरळ चेहऱ्याने. ह्यात चार दिवस गेले.

नाखवा नागपट्टणमला गेला, होडीच्या मागच्या बाजूला फळी लावून लाकडी माप कापून आणलं. मूर्तिकाराने पुन्हा मेण हाती घेतलं. पण त्या वर्षी पाऊस लवकर फुटला. गाळाचे थर वाळेनात, एकदा साचा तडकला, दुसऱ्यांदा लावावा लागला. नाखवा होडीवर, नाखवीण परत माडीवर, रोज सकाळी आभाळ बघणारी. मला विचारायची, "आज वाळेल का?" मी म्हणायची, वाळेल.

रावजींनी ह्याच दिवसांत तुलास्नान धरलं. तुळेच्या महिन्यात कावेरीत पहाटे आंघोळ करायची तिथे रीतच आहे, सगळं गाव घाटावर असतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मी एकदा घाटावर गेले तेव्हा पाहिलं. लोक तीन बुड्या मारून वर येत होते. रावजी गळ्याइतक्या पाण्यात, पायरीची साखळी एका हाताने घट्ट धरून, तळ पायांनी चाचपत होते. लाटांविषयी अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या ह्या गृहस्थाला पोहता येत नव्हतं. पाणी गढूळ, ओढ मोठी. दोन-दोन तास ते तसे उभे राहायचे, ओठ निळे पडेपर्यंत. शेजारचे म्हणाले, काय ही निष्ठा. मी ते ऐकलं आणि मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर दहा दिवसांनी वादळ आलं. कुंभकोणमला नुसती केळी आडवी झाली. नागपट्टणमला एक नांगर तुटला, दुसरा फरफटला, आणि होडी वाळूवर येऊन आडवी पडली, पोट फुटून. नाखवा कोळ्यांबरोबर किनाऱ्यावर होता म्हणून वाचला. नवा साचा तेव्हा मूर्तिकाराच्या पडवीत ओला होता.

आठवड्याने ती दोघं उरलेलं सामान न्यायला आली. मद्रासहून विमानाने परत जाणार होती, तिच्या बहिणीकडे. ओसरीच्या कट्ट्यावर ती दोघं शेजारी बसली. त्याने चौकटीला डोकं आपटलं होतं आणि ह्या वेळी तो काही बोलला नव्हता. रावजींनी आतून कापी आणली, पेले त्यांच्यासमोर ठेवले आणि उभेच राहिले.

"बाई," ते मला म्हणाले, "सांगा त्यांस. मूर्तिकारानें मजला विचारलें होतें, हा कल मूळचा काय म्हणून. मजला ठाऊक नव्हतें. ठाऊक नाहीं असें म्हणायला हवें होतें. मी म्हणालों नाहीं."

मी सांगितलं.

"जुनी बिजागरी चोरानें नेली नाहीं. मींच कावेरींत सोडली. ठेवतों म्हणून सांगितलें होतें, तरी सोडली. मग पुष्कळ शोधली."

मी सांगितलं. नाखवा पेल्याकडे बघत होता. तिने तोंडावर हात धरला.

रावजी माझ्याकडे वळले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत, तशाच नाकातल्या आवाजात म्हणाले, "आणि हेंही सांगा. घरांत दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर मजला जाऊं दिलें नसतें."

एरवी त्यांचं अर्धं भाषण गाळणारी मी. हे वाक्य मी अक्षर न अक्षर सांगितलं. माझं इंग्रजी इतकं स्वच्छ पूर्वी कधी आलं नव्हतं.

मग नाखवीण उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. ह्या घरात तू होतीस म्हणून निभलं, म्हणाली. तिचे डोळे भरले होते. रावजी पेले उचलून आत गेले. मी तिथेच उभी राहिले, आणि तिला माझा हात धरू दिला.